तंत्रज्ञान वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास: डिजिटल मानववंशशास्त्रात मास्टर्स करायचं असेल तर

फलटण तालुक्यातल्या एका गावात मी आठ आठवडे राहिले. तिथल्या एका आशाताईंच्या (गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकेच्या) नावावर कामाच्या ॲपमध्ये रोज रात्री नऊनंतर माहिती जमा व्हायची. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, सगळं वेळेवर. ॲपच्या नोंदी पाहणारा म्हणेल, ताई ॲप छान वापरतात. त्यांच्या घरात बसल्यावर मला वेगळं दिसलं. ताई भाकरी थापत वहीतली नावं तोंडपाठ सांगायच्या आणि बारावीतली मुलगी ती फोनमध्ये भरायची. मुलीची चाचणी परीक्षा आली की गावाची माहिती थकायची. आता या ॲपची वापरकर्ती कोण म्हणायची?

असा प्रश्न धरून माणसांमध्ये राहायचं, पाहायचं, लिहायचं, याचा रीतसर अभ्यासक्रम आहे हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. तोवर मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून तीन वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. मग लंडनला डिजिटल मानववंशशास्त्रात एका वर्षाची एमएससी केली. माझ्या ओळखीत हे कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक पायरीवर अडखळले. तुम्ही त्याच वाटेवर असाल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

१. आधी विषय ओळखून घ्या

मानववंशशास्त्र म्हटलं की घरच्यांना आदिवासी पाडे आणि कवट्यांची मोजमापं आठवतात. तो अभ्यास आहेच. पण कारखाने, दवाखाने, प्रयोगशाळा आणि संगणक हेही या शास्त्राच्या कक्षेत येऊन बरीच दशकं झाली.

ल्यूसी सचमन यांचं काम सुरुवातीला समजून घ्या. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात त्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून काम करत होत्या. फोटोकॉपीच्या नव्या यंत्रावर लोक कसे गोंधळतात याचं त्यांनी चित्रीकरण केलं. त्यात संगणकशास्त्रातली मुरलेली मंडळीही पाठपोट प्रत काढताना हतबल झालेली दिसली. यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की माणूस आधी योजना आखतो आणि मग तिच्याप्रमाणे पायऱ्या चढत जातो. सचमन यांनी दाखवलं की माणूस समोरच्या परिस्थितीकडे पाहत पाहत पुढचं पाऊल ठरवतो. हे पुस्तकरूपात आलं १९८७ मध्ये. टेस्टर म्हणून मी तीन वर्षं 'युजर चुकला' असं लिहीत आले होते. हे वाचल्यावर तो शब्द माझ्याच्याने पुन्हा लिहवला नाही.

दुसरं उदाहरण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं, म्हणजे यूसीएलचं. तिथे मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांच्या पुढाकाराने नऊ संशोधक जगातल्या नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहिले आणि तिथले लोक सोशल मीडिया कसा वापरतात ते पाहिलं. त्यातलं एक ठिकाण तमिळनाडूत होतं, जुन्या गावांशेजारी आयटी पार्क उभं राहत होतं अशा भागात. या प्रकल्पाची पुस्तकं २०१६ पासून यूसीएल प्रेसने फुकट डाउनलोडला ठेवली आहेत. अर्ज करायच्या आधी त्यातलं भारतावरचं पुस्तक पूर्ण वाचा. ते वाचताना कंटाळा आला तर हे वर्ष तुम्हाला जड जाईल, आणि ते लाखो रुपये भरायच्या आधी कळलेलं बरं.

तिसरं उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ टॉम बोलस्टॉर्फ यांचं. ते 'सेकंड लाइफ' या आभासी जगातच दोन वर्षांहून जास्त काळ फील्डवर्क, म्हणजे माणसांमध्ये राहून निरीक्षण, करत राहिले. म्हणजे फील्ड हे गावच असायला हवं असं नाही.

२. कुठे शिकायचं

यूसीएलमध्ये डिजिटल मानववंशशास्त्राची एमएससी २००९ पासून आहे. मानववंशशास्त्राची पदवी नसलेल्यांनाही तिथे घेतात. माझ्या वर्गात डिझायनर होते, पत्रकार होते, एक नर्स होती. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठात 'टेक्नो-अँथ्रोपॉलॉजी' नावाचाच अभ्यासक्रम आहे, त्यात तंत्रज्ञानाची बाजू अधिक भक्कम असते. एडिंबरा विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज असा मास्टर्स आहे. अमेरिकेत बहुतेक चांगले विभाग थेट पीएचडीला घेतात आणि विद्यावेतन देतात, पण मग पाच ते सात वर्षांची तयारी हवी.

परदेशी जायचंच नसेल तर? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे (मराठीत मानवशास्त्र आणि मानववंशशास्त्र ही दोन्ही नावं चालतात). कोलकाता विद्यापीठाचा विभाग १९२० चा, देशातला सर्वांत जुना. दिल्ली आणि हैदराबाद विद्यापीठांतही विभाग आहेत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: भारतातल्या बऱ्याच विभागांत सामाजिक मानवशास्त्राबरोबर शारीरिक मानवशास्त्र आणि पुरातत्त्वही शिकावं लागतं. तंत्रज्ञानाचा विषय तुम्ही प्रबंधात आणायचा असतो, आणि तो मान्य करणारा मार्गदर्शक आधी शोधायचा असतो. बेंगळुरूच्या आयआयआयटीत 'डिजिटल सोसायटी' हा एमएससी अभ्यासक्रम आहे. तो मानववंशशास्त्र म्हणून नाही, पण प्रश्न शेजारचेच आहेत.

माझं मत विचाराल तर, पीएचडी करून इथेच शिकवायचं असेल तर भारतातला एमए किंवा एमएससी आणि त्यासोबत नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) हा सरळ मार्ग आहे. नेटमध्ये मानववंशशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सला भारतात मान्यता देण्याचा करार दोन्ही देशांत जुलै २०२२ मध्ये झाला, तरी इथे प्राध्यापकी किंवा पीएचडीसाठी जाताना समकक्षतेचा कागद मागतात. तो हाताशी ठेवा.

३. प्रश्न घडवा (इथे घाई करू नका)

अर्जात तुम्हाला काय अभ्यासायचंय ते लिहावं लागतं. माझं पहिलं वाक्य होतं: 'ग्रामीण महिलांवर स्मार्टफोनचा परिणाम'. हे वाक्य मी आज कुणाच्या अर्जात पाहिलं की हात धरून थांबवते.

त्यातला 'परिणाम' हा शब्द पहिला घात करतो. फोन बाहेरून आला, आदळला, आणि बायका बदलल्या असं तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात बायकाही फोनला बदलतात. मी राहिले त्या गावात एका ताईंनी फोनला लोकरीचं कव्हर विणलं होतं आणि आत बसभाड्याचे पैसे ठेवत. दुसरीच्या फोनमध्ये सुनेचं, मुलाचं आणि स्वतःचं असं तीन माणसांचं व्हॉट्सॲप चालायचं. 'ग्रामीण महिला' हा दुसरा घात. कुठल्या गावातल्या, कोणत्या जातीच्या, सासरी की माहेरी, शेत असलेल्या की मजुरीला जाणाऱ्या? 'स्मार्टफोन' हा तिसरा. कॉल, फोटो, पेमेंट, ऑफिसचं ॲप, मुलाचा गेम, यातलं नेमकं काय?

प्रश्न घडवण्याची मला उपयोगी पडलेली रीत अशी. एका कागदावर तुमच्या ओळखीतल्या एका खऱ्या माणसाचा एक दिवस लिहा आणि तंत्रज्ञान जिथे जिथे येतं तिथे खूण करा. मग ज्या खुणेपाशी तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नाही, तिथे थांबा. माझी मावशी आशा स्वयंसेविका आहे. तिच्या दिवसात मला न कळलेली जागा होती ती रात्रीची: दिवसभर वहीत लिहिलेलं ती रात्री पुन्हा फोनमध्ये का भरते, आणि तरी वही टाकून का देत नाही? यावरून प्रश्न आला: 'कागदी वही आणि ॲप या दोन्हींमध्ये काम करणाऱ्या आशाताई कुठल्या नोंदीला खरी मानतात, आणि का?' हा प्रश्न एका वर्षात पेलण्यासारखा होता.

आशा कार्यक्रम २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सुरू झाला. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. त्यांना नियमित पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३ च्या संपात ऑनलाइन कामाच्या सक्तीचा मुद्दा मांडला होता. प्रश्न घडवताना ही अशी पार्श्वभूमी गोळा करा, म्हणजे तुमचं कुतूहल आणि लोकांची स्वतःची तक्रार एकमेकांपासून किती लांब आहेत ते कळतं. माझं कुतूहल नोंदीबद्दल होतं, त्यांची तक्रार रात्रीबद्दल होती. शेवटी प्रबंध रात्रीबद्दल झाला.

४. अर्ज

ब्रिटनमधले अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतात आणि अर्ज साधारण आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून घेतात. जागा भरत जातात, म्हणून डिसेंबरच्या आत अर्ज गेला तर बरं. शिष्यवृत्तीच्या तारखाही त्याच सुमारास येतात.

लागणारी कागदपत्रं:

- पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
- विद्यापीठाकडून मिळणारे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा एकत्रित दाखला)
- दोन शिफारसपत्रं, त्यातलं निदान एक शिक्षकाचं
- उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज: काय आणि का शिकायचंय ते)
- इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो)
- पासपोर्ट
- काही ठिकाणी लेखनाचा नमुना

ट्रान्सक्रिप्टने मला सहा आठवडे रखडवलं. गुणपत्रिकेवर माझ्या नावात वडिलांचं नाव मधे होतं, पासपोर्टवर क्रम वेगळा होता. तुमच्या सगळ्या कागदांवरचं नाव आजच एकाखाली एक ठेवून पाहा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती, जे लागेल ते अर्जाच्या खूप आधी करून घ्या.

इंजिनिअरिंगच्या सरांकडून शिफारस घेताना 'विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे' एवढंच येतं. त्यांना तुमचा प्रश्न सांगा, वर्गात किंवा प्रोजेक्टमध्ये तुम्ही माणसांशी कधी बोललात त्याची आठवण करून द्या. माझ्या सरांना आठवलं की शेवटच्या वर्षी आम्ही पार्किंगचं ॲप बनवलं तेव्हा मी रिक्षा स्टँडवर जाऊन बसले होते. ते त्यांनी लिहिलं.

उद्देशपत्रात लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड होती असं लिहू नका. मावशीच्या वहीसारखा एक प्रसंग, त्यातून निघालेला प्रश्न, त्यावर तुम्ही वाचलेलं थोडं, आणि याच विभागात का, एवढं पुरतं.

५. पैसे, व्हिसा आणि घरचे

लंडनचं वर्ष महाग आहे. फी आणि राहणं मिळून पन्नास लाखांच्या घरात हिशेब जातो. कर्जाशिवाय बहुतेकांना जमत नाही, म्हणून शिष्यवृत्त्यांची यादी आधी करा.

जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान पाहतात.

वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीबाबत मात्र सावध राहा. २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. आपल्या विषयाच्या विद्यार्थ्याला ही अट थेट अडवते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं फील्ड भारतातच असतं. चालू वर्षाची नियमावली शब्दन् शब्द वाचून मगच त्या भरवशावर पुढचं ठरवा. ज्यांना या शिष्यवृत्तीची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच आपल्या समाजाबद्दल अभ्यास करायला ती मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्रिटनच्या व्हिसाचे सापळे थोडक्यात. लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज अडतो. खातं तुमचं किंवा आई-वडिलांचं चालतं. काका-मामांचं चालत नाही. आई-वडिलांचं असेल तर नातं दाखवायला जन्मदाखला लागतो, आणि तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रांवरच करावी लागते, घराजवळच्या लॅबचा एक्स-रे उपयोगाचा नाही. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे, पण एका वर्षाच्या कोर्सचा व्हिसा वर्षाहून मोठा मिळतो, त्यामुळे भरावे लागतात १,१६४. शिक्षणानंतर कामासाठी थांबण्याची मुदत आधी दोन वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ती दीड वर्ष मिळणार आहे.

घरचे विचारतील, हे शिकून करणार काय? माझ्या आईने विचारलं होतं. खरं उत्तर असं आहे: कंपन्यांमध्ये युजर रिसर्चची, म्हणजे लोक वस्तू किंवा ॲप कसं वापरतात ते पाहण्याची, कामं असतात, पुणे-बेंगळुरू-हैदराबादेत अशा नोकऱ्या निघतात. इंटेलने जेनेव्हीव्ह बेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना १९९८ मध्येच नोकरीत घेतलं होतं. आरोग्य आणि शिक्षणातल्या संस्थांनाही अशी माणसं लागतात. पण इंजिनिअरिंगच्या नोकरीइतका पगार पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही. ते घरच्यांना आणि स्वतःलाही आधीच सांगा.

६. वर्गातलं वर्ष

ब्रिटनचा मास्टर्स १८० क्रेडिटचा असतो. सप्टेंबर ते मार्च वर्ग, मग निबंध, मे-जूनपासून फील्डवर्क, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात प्रबंध. वाचनाचा पहिला महिना मला फार जड गेला. इंजिनिअरिंगमध्ये आपण उत्तर शोधायला वाचतो. इथे एकेका लेखाबद्दल 'लेखिका कुणाशी वाद घालते आहे?' हे विचारत वाचावं लागतं. मी प्रत्येक लेखाचं मराठीत पाच ओळींत सार लिहायला लागले. मराठीत लिहिता आलं नाही तर मला समजलेलं नाही, ही माझी कसोटी होती.

याच काळात इरावती कर्वे पुन्हा वाचा. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानवशास्त्राचा पाया घालणाऱ्या इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या होत्या आणि एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात हे त्यांनी लिहून ठेवलं. त्या स्वतः दोन्हीकडे जेवल्या. सहभागी निरीक्षण (लोकांच्या जगण्यात भाग घेत त्यांना पाहणं) म्हणजे काय हे मला तीन इंग्रजी पाठ्यपुस्तकांपेक्षा त्या लेखातून लवकर उमगलं.

७. परवानगी आणि संमती

फील्डवर जायच्या आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. तिला महिना-दीड महिना धरा. फॉर्ममध्ये हे विचारतात: कुणाशी बोलणार, संमती कशी घेणार, माहिती कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार, लोकांना काय धोका. सोबत प्रवासाच्या जोखमीचा फॉर्म आणि माहिती-संरक्षणाची नोंदणी. विद्यार्थी व्हिसावर असताना फील्डवर्कसाठी भारतात येणार असाल तर विद्यापीठाला लेखी कळवून मान्यता घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर इथे वेगळा संशोधन व्हिसा लागत नाही.

मी इंग्रजी संमतीपत्राचं मराठी भाषांतर करून नेलं होतं, खाली सहीची जागा. पहिल्याच ताईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावर सही केली तर माझं काम जाईल का?" आपल्याकडे सही म्हणजे अडकणं. मी मार्गदर्शकांना लिहिलं, समितीकडून तोंडी संमतीची मुभा घेतली. मग मी बोलून सांगायचे, त्या हो म्हणायच्या, तेवढं ध्वनिमुद्रण. तुम्ही पहिल्या फॉर्ममध्येच तोंडी संमतीचा पर्याय मागून ठेवा, माझे दहा दिवस वाया गेले ते तुमचे वाचतील.

आणि संमती एकदा घेऊन संपत नाही. मला आशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं होतं. आठवड्याने सगळ्या विसरल्या की मी तिथे आहे. म्हणून दर सोमवारी मी ग्रुपवर लिहायचे: 'मी संशोधनासाठी ग्रुपमध्ये आहे, कुणाला नको असेल तर मला सांगा, मी बाहेर पडेन.' ग्रुपचे स्क्रीनशॉट मी घेतले नाहीत. त्यात पेशंटची नावं असतात, आणि त्या पेशंटनी मला कधीच हो म्हटलेलं नसतं.

८. फील्डवर्क

सामान थोडंच लागतं: खिशात मावणारी वही, दोन पेनं, वेगळा रेकॉर्डर किंवा पासवर्ड असलेला फोन, पॉवर बँक, माहिती कुलूपबंद ठेवता येईल असा लॅपटॉप. आणि पावसाळा असेल तर प्लास्टिकची पिशवी. वह्या भिजतात.

कुठल्या दारातून आत जाता यावर पुढचं सगळं ठरतं. मी वरून गेले. आधी तालुक्याच्या ऑफिसात, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) ताईंसोबत गावात. शिस्त म्हणून ते बरोबर होतं, परवानगी घ्यायलाच हवी होती. पण गाडीतून गटप्रवर्तकांबरोबर उतरल्यामुळे मी तपासणीला आलेली बाई झाले. दोन आठवडे मला प्रत्येकीने 'ॲप खूप चांगलंय' एवढंच सांगितलं. हे बदललं ते लसीकरणाच्या दिवशी. उपकेंद्रावर गर्दी होती, एका बाळाला मी दोन तास मांडीवर घेतलं. त्या संध्याकाळी चहाला बोलावणं आलं. तुम्ही परवानगी वरून घ्या, पण गावात एकट्या, पायी किंवा एसटीने जा.

पहिले दहा दिवस मुलाखत घेऊ नका. बसा. प्रश्न विचारलात की लोक उत्तर देतात, आणि उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला आवडेल असं असतं. मी नुसती बसले तेव्हा 'रेंजला जाऊन येते' हे वाक्य ऐकलं. मारुतीच्या देवळाच्या पारावर नेटवर्क येतं, म्हणून संध्याकाळी ताई 'रेंजला' जायच्या. पण पारावर पुरुष बसलेले असतात. मग सासू असलेल्या घरातल्या ताई मुलाला फोन देऊन पाठवायच्या. कुणाची माहिती कुणाच्या हातून जाते हे नेटवर्कचा टॉवर आणि गावातला पार मिळून ठरवत होते. माझ्या प्रश्नावलीत पाराचा प्रश्न असणं शक्यच नव्हतं.

शब्द तसेच्या तसे टिपा. गावात 'ऑनलाइन' या शब्दाचा अर्थ इंटरनेटवर असणं असा नव्हता. "माझं कार्ड ऑनलाइन झालं का?" म्हणजे सरकारदरबारी माझी नोंद लागली का. "ती बाई ऑनलाइन नाही" म्हणजे तिचा हक्क अजून कागदावर आलेला नाही. मी सुरुवातीला हे शब्द इंग्रजीत लिहून घेत होते आणि सगळा अर्थ गळून जात होता. मुलाखती आधी मराठीतच उतरवा. भाषांतर शेवटी, आणि फक्त जे वापरणार तेवढ्याचं.

टिपणांची रीत: दिवसा फक्त खुणेचे शब्द. रात्री झोपायच्या आत पूर्ण टिपण, तारीख, जागा, कोण हजर होतं यासकट. डाव्या पानावर पाहिलं-ऐकलं ते, उजव्या पानावर मला काय वाटलं ते. एक रात्र टाळली की दुसऱ्या दिवशी निम्मं जातं. मी चार रात्री टाळल्या आणि त्या चार दिवसांचं एकही वाक्य प्रबंधात वापरता आलं नाही.

वेळापत्रकात गावाचं पंचांग आधी मांडा. मी जूनच्या शेवटी मुलाखती ठरवल्या आणि माउलींची पालखी फलटणला यायची वेळ झाली. सगळ्या ताई वारीच्या आरोग्यसेवेत. मी दोन दिवस चिडले, मग त्यांच्याबरोबर गेले. गर्दीत नेटवर्क कोलमडलेलं, ताई ओआरएसची पाकिटं वाटत चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत होत्या. त्या चिठ्ठ्या पुढच्या तीन रात्री फोनमध्ये चढल्या. वही का टाकून देत नाही, या माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला त्या रस्त्यावर मिळालं.

मदत किती करायची हा पेच येणारच. कॉम्प्युटरवाली म्हटल्यावर मला माहिती भरून द्यायला सांगितलं जायचं. फोनची मेमरी मोकळी करून देणं, पासवर्ड परत मिळवणं, हे मी आनंदाने केलं. पेशंटची माहिती भरायला मात्र नकार दिला, आणि का ते समजावलं. दोघी ताई नाराज झाल्या. एक पुढे बोलल्याच नाहीत. हे होतं, आणि ते सहन करावं लागतं.

९. लिहिणं

प्रबंध साधारण दहा ते पंधरा हजार शब्दांचा. सहा आठवडे राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात काहीही लिहू नका, सगळी टिपणं दोनदा वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींना रंग द्या. माझ्याकडे सर्वांत जास्त रंग 'रात्र' या शब्दाला आला, तेव्हा प्रबंधाचा कणा सापडला.

सिद्धांताचं प्रकरण आधी आणि गाव नंतर अशी रचना करू नका. पारापासून सुरू करा, मग ज्या विचारवंताची गरज लागेल त्याला बोलवा.

नावं बदलणं पुरेसं नसतं. ज्या गावात दोनच आशा आहेत तिथे 'सुनंदाताई' असं टोपणनाव देऊन काय लपणार? लोकरीच्या कव्हरवरून तालुक्यातली कुणीही ओळखेल. (ते कव्हर वर मी लिहिलंय ते त्या ताईंना विचारून, आणि ते लोकरीचं नव्हतं.) मी तालुक्याचं नाव सांगते, गावाचं नाही. दोन गावांचे तपशील मिसळले, मुलांची वयं बदलली. ज्या वाक्यामुळे कुणाचा मोबदला अडू शकेल ते, कितीही चांगलं असलं तरी, काढलं.

१०. परत जा

प्रबंध जमा झाल्यावर मी डिसेंबरात गावात गेले. शंभर पानांच्या इंग्रजीचा त्यांना काही उपयोग नव्हता, म्हणून बारा पानांचं मराठी करून नेलं आणि उपकेंद्राच्या ओसरीवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या. एक योजनेच्या नावाची होती. दुसरी मोठी: मी लिहिलं होतं की मुली आईला मदत करतात. एक ताई म्हणाल्या, "मदत नाही हो, तिचं पण ते कामच झालंय. लिहायचं तर तसं लिहा." मी ते वाक्य बदललं आणि सुधारलेली प्रत विभागाला पाठवली.

असं वाचन ठरवताना लसीकरणाचा दिवस आणि महिनाअखेर टाळा, तेव्हा त्यांना अहवाल द्यायचे असतात. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. मराठी प्रती मोजून न्या, प्रत्येकीला एक आणि मुलींसाठी वेगळ्या. ध्वनिमुद्रणं नष्ट करायची तारीख नैतिकता फॉर्ममध्ये तुम्हीच दिलेली असते, ती त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका आणि नष्ट केल्यावर ताईंना एक मेसेज करा.